टाके, कोन आणि घरात आलेले गणपती: एका भित्र्या कुत्रीचं प्रकरण

टिकली ही पाच वर्षांची गावठी कुत्री. अंग तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, वजन सोळा किलोच्या आसपास. दापोली तालुक्यात आंजर्ल्याला, नारळी-पोफळीच्या वाडीतल्या जुन्या चिरेबंदी घरात ती राहते. घरात आजी, वहिनी आणि वहिनींची कॉलेजात जाणारी मुलगी. वहिनींचे यजमान आणि दीर नोकरीनिमित्त मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येणारे. श्रावणाच्या शेवटी टिकलीचं गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन झालं आणि गळ्यात प्लास्टिकचा कोन, म्हणजे टाके चाटता येऊ नयेत म्हणून मानेभोवती बसवतात तो भोंगा, घेऊन ती घरी आली. तिसऱ्या दिवशी वहिनींचा मला फोन आला. "ताई, टाके चांगले आहेत म्हणतायत डॉक्टर. पण ही आमची टिकली नाही हो. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहते. बसतसुद्धा नाही."

मी भित्र्या कुत्र्यांबरोबर काम करते. औषधपाणी डॉक्टरांचं, वागणुकीचं मी बघते. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण कोनबद्दलचा सल्ला बहुतेक वेळा "दोन दिवसांत होते सवय" इथेच संपतो. पुष्कळ कुत्र्यांना होतेही. ज्यांना होत नाही, त्यांच्या घरच्यांना वाटतं की आपलंच काहीतरी चुकतंय, आणि मग कोणीतरी रात्री दया येऊन कोन काढून ठेवतं.

ऑपरेशन का करावं लागलं

माजावर येऊन गेल्यावर महिन्या-सव्वा महिन्याने टिकली फार पाणी पिऊ लागली. न्हाणीघरातल्या बादलीत तोंड घालायची, थोड्या वेळाने पुन्हा हजर. लघवीही सारखी. मग भात सोडला, आणि शेपटीखाली तपकिरी, चिकट, घाण वासाचा स्राव दिसला. नसबंदी न झालेल्या कुत्रीत माजानंतर चार ते आठ आठवड्यांत ही लक्षणं दिसली की गर्भाशयात पू झाल्याची शंका सगळ्यात आधी घ्यावी. माजानंतर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढलेलं असतं, गर्भाशयाचं अस्तर जाड होतं आणि आत शिरलेल्या जंतूंना तिथे फावतं. स्राव बाहेर येत असेल तर निदान कळतं तरी. गर्भाशयाचं तोंड मिटलेलं असलं तर कुत्री नुसती मलूल होते आणि बघता बघता हाताबाहेर जाते. वहिनींनी वेळ घालवला नाही. दापोलीला रक्त तपासलं, खेडमार्गे चिपळूणला नेलं, सोनोग्राफी झाली आणि त्याच दिवशी ऑपरेशन.

म्हणजे कोनची तयारी करायला सवडच नव्हती. ठरवून केलेल्या नसबंदीत आठवडाभर आधी कोन घरी आणता येतो, त्यात खाऊ देता येतो, गळ्यात घालून पाहता येतो. टिकलीची कोनशी पहिली ओळख झाली ती भुलीतून अर्धवट जागी होताना, अनोळखी टेबलावर, पोटात कळा येत असताना. ओळख करून द्यायला याहून वाईट वेळ शोधूनही सापडणार नाही.

भीती आधीची

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं, तेव्हा टिकली दोनेक महिन्यांचं पिल्लू होती. दापोली-मंडणगडातल्या वाड्याच्या वाड्या त्या दिवशी आडव्या झाल्या. वहिनी सांगतात, पडवीवरचे पत्रे सुटून कितीतरी वेळ आपटत होते, आणि वारा पडल्यावर पिल्लू चुलीमागच्या लाकडांत सापडलं. पिल्लाला जगाची ओळख पटते ती साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत, आणि त्या काळात बसलेली धास्ती खोलवर जाते. टिकलीची भीती वादळातूनच आली असं ठामपणे सांगता येणार नाही, भित्रेपणा काही अंशी उपजतही असतो. पण एवढं खरं की ताट पडलं, दार आपटलं, कुणी पत्र्यावर काठी मारली की ती आजही चुलीमागे जाते. अनोळखी माणूस अंगणात आला तर भुंकते, पण मागे मागे सरत.

अशा कुत्रीच्या गळ्यात कोन आला. चौकटीला घासला की वाजणार, भिंतीला लागला की वाजणार, आणि तोही कानापासून चार बोटांवर. तिच्या लेखी तो गळ्यात बांधलेला पत्राच होता.

मी गेले तेव्हा

वहिनींनी तिला माजघरात ठेवलं होतं. घर जुन्या पद्धतीचं, दोन खोल्यांच्या मध्ये वीतभर उंचीचे लाकडी उंबरठे. कुत्रं उंबरठ्यापाशी आलं की आधी मान खाली घालून वास घेतं. टिकलीने मान खाली घातली की कोनची खालची कड उंबरठ्याला अडायची, खाडकन आवाज व्हायचा आणि ती आहे तिथे थिजायची. मग हळूहळू मागे. मी बघत असताना तिने माजघर ओलांडायचा प्रयत्न दोनदा केला आणि दोन्ही वेळा ती त्याच कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

कान मागे चिकटलेले, शेपटी पोटाखाली, पाठ किंचित कमानदार. डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता. थोड्या थोड्या वेळाने जांभई आणि ओठ चाटणं, समोर खायला काही नसताना. भाताला तोंड लावलेलं नव्हतं. सकाळपासून लघवीही केली नव्हती, आणि ती आधी किती वेळा जायची हे लक्षात घेतलं तर ही काळजीची बाब होती.

घरात दोन मतं होती. आजींचं म्हणणं, "अगो, काढ तो भोंगा तिच्या गळ्यातला. मुकं जनावर ते, बोलता येत नाही म्हणून काय काहीही गळ्यात अडकवायचं?" फोनवरून मुंबईच्या दिरांचं म्हणणं, कोन घट्ट बांधा आणि लक्ष देऊ नका, दमली की गप्प होईल. आजींचा कळवळा खरा होता, पण पोटाचे टाके उघडे ठेवून चालणार नव्हतं. दिरांच्या म्हणण्यातला धोका मात्र जास्त फसवा आहे. भित्रं कुत्रं दमून गप्प होतं ते शांत झालेलं नसतं. सुटकेचा मार्ग नाही हे कळल्यावर ते प्रयत्न सोडून देतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून फरक कशात बघायचा हे वहिनींना पहिल्याच दिवशी दाखवलं. शांत कुत्रं एका कुल्ल्यावर भार टाकून लोळतं, डोळे मिचकावतं, हातातला खाऊ घेतं, आवाज झाला तर त्या दिशेला बघतं. थिजलेलं कुत्रं यातलं काहीच करत नाही.

आणखी एक शंका आधी मिटवायची होती. कमानदार पाठ आणि न बसणं हे भीतीचं लक्षण असतं तसंच पोटदुखीचंही. मी तिथूनच चिपळूणच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यांनी वेदनाशामक चालू ठेवायला सांगितलं आणि भीतीसाठी काही दिवस द्यायचं एक औषध लिहून दिलं. अशा वेळी गाबापेंटिन किंवा ट्रॅझोडोनसारखी औषधं डॉक्टर वापरतात. डोस मी इथे लिहिणार नाही, तो वजन, मूत्रपिंडाची अवस्था आणि चालू औषधं बघून ठरतो. माणसाची गोळी अर्धी मोडून देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, ती जिवावर बेतते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात व्रण करतात, मूत्रपिंडं निकामी करू शकतात. नुसती गुंगी आणणारी काही औषधंही असतात. त्यांनी अंग ढिलं पडतं, भीती मात्र आत तशीच राहते. म्हणून डॉक्टरांना नीट सांगावं की कुत्रं चळवळं नाही, भ्यालेलं आहे.

कोनमुळे नेमकं काय जातं

कुत्र्याला मान न वळवता साधारण २४० अंशांपर्यंतचं दिसतं, माणसापेक्षा बरंच जास्त. कोन दोन्ही बाजूंचं झाकतो. पारदर्शक प्लास्टिक असलं तरी चार दिवसांत ओरखडे आणि लाळ यांनी धुरकट होतं. आवाज समोरून गोळा होऊन मोठा येतो, आणि मागून येणाऱ्याची चाहूल कुठून आली ते कळत नाही. मिशांना सतत काहीतरी लागत राहतं. जमिनीचा वास घेता येत नाही. धीट कुत्रं यातून धडपडत वाट काढतं. भित्रं कुत्रं मात्र दिवसभर याच गोष्टींच्या जोरावर सुरक्षित राहत असतं. कोण येतंय, कुठून येतंय, मागे सरायला जागा कुठे आहे, हे त्याला क्षणोक्षणी कळायला लागतं.

२०२० साली सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी कोन घातलेल्या प्राण्यांच्या ४३४ पालकांना प्रश्न विचारून एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ७७ टक्क्यांनी सांगितलं की कोनच्या काळात आपल्या प्राण्याचं जगणं हलाखीचं झालं. पाणी पिण्यात अडचण, खेळता न येणं, आपटून दुखापत, कातडी सोलवटणं, असे अनुभव त्यांत आहेत. ही पाहणी मी घरच्यांना मुद्दाम सांगते. त्रास खरा आहे हे आधी मान्य केलं की मग "तरीही कोन लागेलच" हे ऐकून घेतलं जातं.

आणि तो लागतोच. कुत्र्याची लाळ औषधी असते असा समज गावोगाव आहे. लाळेत काही जंतूंना रोखणारे घटक असतात हे खरं, पण तोंडात रोग करणारे जंतूही असतात आणि जीभ खरखरीत असते. समोरच्या दातांनी टाका उपसायला कुत्र्याला काही मिनिटं पुरतात. त्यात आपला पावसाळा. ओल्या, चाटलेल्या जखमेवर माशी बसली की किडे पडायला वेळ लागत नाही. कोकणात पावसाळी दिवसांत कुत्र्यांच्या जखमांत किडे किती बघायला मिळतात हे इथल्या कुठल्याही पशुवैद्याला विचारा.

कोनमध्ये केलेले बदल

दवाखान्यात होता तो कोन दिला होता आणि तो टिकलीला मोठा होता. कड नाकाच्या टोकापुढे जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर हवी, ही चांगली चार बोटं पुढे जात होती. डॉक्टरांना विचारून वहिनींनी कात्रीने कड कापली. कापल्यावर तिला वळवून, पुढे खाऊ धरून, नाक टाक्यांपर्यंत पोचतं का ते तपासलं. हे तपासल्याशिवाय कोन कधीही कापू नये. गळ्यापाशी दोन बोटं सहज जातील एवढी जागा ठेवली.

कापलेल्या कडेवर सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून बसवली आणि वरून मेडिकलमधली चिकटपट्टी. हे बारकं काम होतं, पण त्याने सगळ्यात जास्त फरक पडला. ट्यूब बसवायच्या आधी चौकटीला लागल्यावर होणारा "खाड" आवाज नंतर बोथट "धप" झाला, आणि त्या आवाजाला टिकली दचकली तरी थिजली नाही. कोन बंद करायची टिचबटणंही तिला सोसत नव्हती, प्रत्येक बटणाला तिचे डोळे मिटायचे. बटणं कायमची लावून टाकली, कोनच्या भोकांतून नाडी ओवली आणि ती तिच्या रोजच्या पट्ट्याला बांधायची ठरवलं. आवाज संपला.

कापडी कोन आणि फुगवायचं कडं यांचाही विचार केला. कडं मानेच्या किंवा छातीच्या जखमेला ठीक, पण लांब तोंडाची गावठी कुत्री कडं घालून पोटाखालपर्यंत आरामात पोचते. कापडी कोन आंजर्ल्याच्या हवेत एकदा भिजला की दोन दिवस वाळणार नाही. वहिनींच्या मुलीने तिला जुनं सुती बनियन घातलं, शेपटी गळ्यातून आणि मागचे पाय बाह्यांतून काढून, कडा पाठीवर बांधून. एकटीला सोडायला ते पुरेसं नव्हतं, ओठांनी ते वर सरकवता येतं. माणूस शेजारी असताना मात्र कामाचं होतं. दोन बनियनं आलटून पालटून, इस्त्रीने पूर्ण कोरडी करून. दमट बनियन जखमेवर ठेवण्यापेक्षा नसलेलं बरं.

पुन्हा ओळख

दुरुस्त केलेला कोन तिला लगेच घातला नाही. डॉक्टरांची परवानगी घेऊन, बनियन आणि दोरी असताना, एक माणूस सतत हाताच्या अंतरावर बसून, सुरुवात पहिल्यापासून केली.

खाऊचा प्रश्न आला. श्रावण असल्याने घरात अंडंही शिजत नव्हतं आणि भाताच्या शितासाठी भित्रं कुत्रं भीती विसरत नाही. आजींनीच तोडगा काढला, शेजारच्या घरातून बिनमिठाची, बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी डब्यातून यायची आणि मागच्या पडवीतच संपायची. कांदा-लसूण नसलेली हे मी दोनदा बजावलं, ते दोन्ही कुत्र्याला विषारी.

कोन जमिनीवर वाटीसारखा ठेवला, अरुंद बाजू खाली. आत कोंबडीचा तुकडा. टिकलीने लांबूनच मान ताणून वास घेतला, मागे सरली, पुन्हा आली. तुकडा उचलला की मी कोन दूर नेत होते. तिने पुढे यायचं, कोनने नाही. मग कोन आडवा हातात धरला, अरुंद तोंड तिच्याकडे आणि रुंद बाजूने आत खाऊ. नाक आत. मग डोळ्यांपर्यंत. मग कान घासून पलीकडे. कान घासतात ती जागा कठीण असते, तिथे ती प्रत्येक वेळी थांबली आणि प्रत्येक वेळी आम्ही थांबलो. ढकलायचं नाही, पट्टा ओढायचा नाही. चार-पाच तुकडे झाले की कोन बाजूला, टिकलीला विश्रांती. दर वेळी वहिनी एकच शब्द वापरायच्या, "टोपी". शब्द आधी, कोन नंतर, म्हणजे पुढे काय येणार ते तिला कळे.

दुसऱ्या दिवशी दुपारी "टोपी" म्हटल्यावर तिने स्वतःहून मान पुढे केली. शेपटी अजून खालीच होती. पण मान तिने दिली होती, आणि भित्र्या कुत्र्याने आपणहून पुढे टाकलेलं अर्धं पाऊल हे ओढून नेलेल्या दहा पावलांपेक्षा पुढचं असतं असं मी मानते. नाडी बांधून खाऊ, सोडून लगेच नाही, बांधलेली असतानाच आणखी खाऊ. कोन असताना चांगलं घडतं, काढला की चांगलं थांबतं, हा क्रम उलटा झाला तर कुत्रं काढण्याचीच वाट बघायला शिकतं.

घर तिच्या मापाचं करणं

तिला माजघरातून हलवून बाळंतिणीच्या खोलीत नेलं. जुन्या घरांत ही खोली लहान, अंधारी, जाड भिंतींची असते. गणपतीत माजघर गजबजणार होतं, त्यामुळे हलवायचंच तर आधी हलवणं बरं. खोलीतून मागच्या पडवीत यायला एकच उंबरठा. त्यावर दोन्हीकडून उतरती फळी टाकली आणि वर गोणपाट. वाटेतल्या खुर्च्या, कळशी, सुपं सगळं हललं.

पाण्याची वाटी कोनमध्ये मावेल एवढी लहान आणि उपड्या घमेल्यावर उंच ठेवली. रुंद परातीत दिलं तर कोनची कड परातीला टेकते आणि तोंड पाण्यापर्यंत पोचत नाही, मग घरचे म्हणतात की कुत्रं पाणी पीत नाही. झोपताना कोनची कड मानेत रुतू नये म्हणून हनुवटीखाली गुंडाळलेली चादर. तोवर ती बसून डुलक्या घेत होती. चादर ठेवल्यावर त्या रात्री ती पहिल्यांदा कुशीवर आडवी झाली.

लघवीचा प्रश्न पावसाने वाढवला होता. पडवीतून अंगणात उतरताना पागोळ्या थेट कोनवर पडायच्या. माणसाला ती नुसती टपटप, कोनच्या आत डोकं असलेल्याला मात्र ताशा वाजल्यासारखं होत असणार. पहिल्या दिवशी त्या आवाजाने टिकली उलटी फिरून दोरीला हिसका देऊन आत पळाली होती आणि त्यानंतर अंगणाच्या पायरीपाशीच यायला तयार नव्हती. उपाय असा केला: उघाड बघून, पडवीतच कोन काढायचा, एकाने दोरी आखूड धरायची, दुसऱ्याने पोटाकडे लक्ष ठेवायचं, आणि तिच्या रोजच्या फणसाखाली न्यायचं. तिथे तिला मनसोक्त जमीन हुंगू द्यायची. घाई केली नाही तर ती दोन-तीन मिनिटांत मोकळी व्हायची. परत आली की पाय आणि पोट कोरडं पुसून, "टोपी", खाऊ, कोन. गळ्याखालची कातडी रोज बघायची, दमटपणात तिथे लाल चट्टे लवकर उठतात.

माणसांसाठी नियम एकच ठेवला. मागून कुणी यायचं नाही. आधी आवाज द्यायचा, तिच्या समोर पण तिरकं बसायचं, हात तिने हुंगल्यावर पुढे. मुंबईहून आलेल्या लहान मुलाने हे विसरून मागून पाठीवर हात ठेवला तेव्हा ती गर्रकन वळून गुरगुरली. चावली नाही. दीर तिच्यावर ओरडणार होते, वहिनींनी थांबवलं. गुरगुरणं ही तिने दिलेली सूचना होती, त्याबद्दल रागावलं तर पुढच्या वेळी सूचना न देता दात लागतात.

एक रात्र

मध्ये एका रात्री वीज गेली, पंखा बंद पडला, टिकली धापा टाकू लागली आणि आजींना राहवलं नाही. त्यांनी कोन सोडला. पहाटे वहिनींनी बघितलं तर टाक्यांचं खालचं टोक लाल, ओलं, आणि एक टाका सैल. डॉक्टरांनी फोटो मागवले, मग प्रत्यक्ष बोलावलं. आतला थर शाबूत होता, वरचा टाका ठेवून औषध वाढवलं. आजींना कुणी बोललं नाही. त्यांना दुसरं काम दिलं: रोज सकाळी उजेडात टाके बघायचे. सूज, पू, वास, फट, यांपैकी काय दिसतं ते नातीला सांगायचं, आणि हळद, राख, खोबरेल यांतलं काहीही लावायचं नाही. त्यांची नजर घरात सगळ्यात तीक्ष्ण आहे. त्या दिवसापासून कोन काढायचा विषय निघाला नाही, आणि वीज गेली की त्या स्वतः विंझणा घेऊन शेजारी बसत.

आरती

चतुर्थीला घर भरलं. पडवीत मुलं, ओटीवर पाहुणे, संध्याकाळी झांजा आणि ढोलकी. कोनमध्ये तो आवाज कोंडून आला असता, म्हणून आरतीच्या वेळेपुरता कोन नको असं ठरलं. आरतीआधी टिकली तिच्या खोलीत, अंगात कोरडं बनियन, दोरी वहिनींच्या मुलीच्या मांडीखाली, पंखा मोठा आणि रेडिओवर आकाशवाणी रत्नागिरी. मुलगी कोंबडीचे तुकडे आवाजाबरोबर देत राही: झांज वाजली की तुकडा, थांबली की थांबायचं. पहिल्या दिवशी टिकलीने तुकडे घेतलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी घेतले, थरथरत. गौरी आल्या त्या संध्याकाळी जांभई देऊन झोपली. डॉक्टरांचं औषध तोवर चालू होतं, त्याचाही वाटा यात मोठा आहे.

प्रसादाबद्दल पाहुण्यांना दारातच सांगितलं होतं. पंचखाद्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात आणि मुलं प्रेमाने मूठभर घालतात.

विसर्जनाच्या दिवशी खाडीकडे फटाके वाजले. टिकली चुलीमागे गेली, कोनसकट. कोन लाकडांना लागला, धप झाला, ती थांबली, मान तिरपी करून कड सोडवली आणि आत जाऊन बसली. वहिनींनी मला फोन करून हे सांगितलं तेव्हा त्या रडवेल्या झाल्या होत्या. कोन अंगावर असताना तिला स्वतःची वाट काढता आली होती.

पुढे

गौरी-गणपती गेल्यावर, तेराव्या दिवशी टाके निघाले. जखम कोरडी, सैल टाक्याच्या जागी थोडा जाडसर व्रण. कोन टाकून दिलेला नाही. आठवड्यातून एखाद-दोन वेळा वहिनी तो जमिनीवर ठेवतात, "टोपी" म्हणतात, टिकली डोकं घालते, खाऊ घेते, निघून जाते. पुढेमागे कानाला जखम झाली, गोचिडांनी खाल्लं, डोळ्याला लागलं, तर तो पुन्हा लागेल.

फटाक्यांची भीती गेलेली नाही आणि या पंधरवड्यात ती जाणारही नव्हती. कोनचं काम आणि आवाजाचं काम वेगवेगळं आहे, दुसऱ्याला महिने लागतात. दिवाळीच्या आधी डॉक्टरांशी औषधाबद्दल पुन्हा बोलायचं ठरलं आहे, आणि वहिनींची मुलगी मोबाईलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक ठेवून, रोज जेवणाच्या वेळी, टिकलीला ऐकवायला लागली आहे.